ठासून सांगायचे आहे, पण वाक्यातले नेमके काय?

वाचकाचा प्रश्न : कोल्हापूर परिसरातल्या एका फाउंड्रीच्या निर्यात विभागात काम करणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले असून इंग्लंडमधल्या ग्राहकांशी होणारा सगळा पत्रव्यवहार त्याच सांभाळतात. नव्याने आलेले व्यवस्थापक त्यांच्या मेलमधले ‘व्हेरी’, ‘रिअली’, ‘ओन्ली’, ‘डेफिनेटली’, ‘ॲक्च्युअली’ असे शब्द लाल करून मसुदा परत पाठवतात. जोर देणारी सगळी क्रियाविशेषणे काढून टाकावीत, असा त्यांचा दंडक आहे. वाचक भगिनी लिहितात, ‘हे शब्द काढले की माझे पत्र कोरडे, जवळजवळ उद्धट वाटते आणि ठेवले की अडाणी ठरते. माझे इंग्रजी मुळातच मराठी वळणाचे आहे. चाळिशीनंतर ते सुधारते का, की मी आता गप्प बसून प्रत्येक मसुदा दुसऱ्याकडून तपासून घ्यावा?’ सोबत त्यांनी आपल्या मेलमधली काही वाक्ये आणि एका ग्राहकाचे उत्तरही पाठवले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना जाणवले की तुमच्यात आणि तुमच्या व्यवस्थापकांमध्ये वाद असला, तरी एका गोष्टीवर तुम्हा दोघांचे न बोलता एकमत आहे. ‘व्हेरी’, ‘ओन्ली’, ‘डेफिनेटली’ आणि ‘ॲक्च्युअली’ हे सगळे एकाच जातीचे शब्द आहेत आणि त्यांचा निकाल एकत्रच लावायचा आहे, असे दोघांनीही धरून चालले आहे. ते सगळे काढायला सांगतात आणि तुम्हाला सगळे ठेवावेसे वाटतात, एवढाच फरक. प्रत्यक्षात या शब्दांची कामे निरनिराळी आहेत. ‘व्हेरी’ आणि ‘एक्स्ट्रीमली’ हे शब्द विशेषणाची मात्रा वाढवतात. ‘ओन्ली’ आणि ‘ईव्हन’ वाक्यातल्या एका विशिष्ट भागाकडे बोट दाखवून इतर शक्यता वगळतात किंवा आत घेतात. ‘डेफिनेटली’ आणि ‘सर्टनली’ हे लिहिणाऱ्याची खात्री सांगतात. आणि ‘ॲक्च्युअली’ बहुतेक वेळा समोरच्याचा समज चुकला आहे, असे सुचवते.

म्हणून सरसकट काढण्याचा नियम व्यवहारात धोक्याचा ठरतो. ‘ओन्ली फॉर्टी पीसेस पास्ड द टेस्ट’ या वाक्यातून ‘ओन्ली’ काढून पाहा. 40च नग चाचणीत टिकले, ही काळजीची बातमी 40 नग टिकले, अशा समाधानाच्या बातमीत बदलते. याउलट ‘वुई आर व्हेरी सॉरी’ मधून ‘व्हेरी’ काढले, तर माफी माफीच राहते. तेव्हा पहिली कसोटी अशी : शब्द झाकून वाक्य वाचावे आणि व्यवहारातली एखादी गोष्ट, म्हणजे संख्या, तारीख, जबाबदारी किंवा अट, बदलते का ते पाहावे. बदलत असेल, तर तो शब्द जोरासाठी आलेलाच नाही. तो आशयाचा भाग आहे आणि त्याला हात लावण्याचा अधिकार कोणत्याही दंडकाला नाही. काही बदलत नसेल, तरच त्याला ठेवायचे की नाही, हा शैलीचा प्रश्न उरतो.

आता तुमच्या वाक्यांकडे वळतो. त्यातले सर्वांत बोलके वाक्य आहे, ‘वुई हॅव डिस्पॅच्ड द मटेरियल यस्टरडे ओन्ली.’ ते लिहिताना तुमच्या मनात ‘माल आम्ही कालच पाठवला’ हे वाक्य होते, हे कोणाही मराठी माणसाला लगेच ओळखू येईल. शाळेच्या व्याकरणात ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’, ‘देखील’ यांना आपण शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणतो. ती ज्या शब्दाला लागतात, त्याच शब्दावर जोर पडतो आणि वाक्याची बाकीची रचना हलवावी लागत नाही. ‘निरीक्षकानेच दहा नग तपासले’ आणि ‘निरीक्षकाने दहाच नग तपासले’ यांतला फरक एका अक्षराच्या जागेने होतो. ही सोय इंग्रजीत नाही. तिथे बोलताना आवाजाच्या चढउताराने जोर देता येतो, पण लिहिताना आवाज हरवतो आणि ते काम शब्दांच्या क्रमाला करावे लागते. आपण मात्र ‘च’ म्हणजे ‘ओन्ली’ असे एकदाच ठरवून टाकतो आणि ‘च’ जसा शब्दाच्या मागे येतो, तसा ‘ओन्ली’ही मागे लावतो.

तुमच्या या वाक्यात त्याचा तोटा असा झाला. मराठीतला ‘कालच’ दोन्ही दिशांनी चालतो. ‘तुम्ही विचारण्याआधी, कालच पाठवला’ असाही त्याचा अर्थ होतो आणि ‘कालपर्यंत पाठवला नव्हता’ असाही. संदर्भावरून आपण समजून घेतो. इंग्रजीतले ‘ओन्ली यस्टरडे’ मात्र काळाच्या बाबतीत एकाच दिशेला झुकते : कालपर्यंत हे काम झालेले नव्हते. म्हणजे तत्परता दाखवण्यासाठी तुम्ही जो शब्द घातला, त्याने इंग्लंडमधल्या वाचकापुढे उशिराची कबुली दिली. तुम्हाला म्हणायचे होते ते ‘द मटेरियल लेफ्ट अवर वर्क्स यस्टरडे’ एवढ्या साध्या वाक्यात पूर्णपणे येते. ‘आधीच’ ही छटा हवीच असेल, तर ‘हॅज ऑलरेडी लेफ्ट’ म्हणावे. (जाता जाता : ‘हॅव डिस्पॅच्ड’ आणि ‘यस्टरडे’ ही जोडी प्रमाण इंग्रजीत जमत नाही. कालचा दिवस सांगितला, की साधा भूतकाळ वापरावा.) ‘यस्टरडे इटसेल्फ’ हाही आपल्याकडचाच तोडगा आहे आणि परदेशी वाचकाला तोही चमत्कारिक वाटतो. ‘इटसेल्फ’ हा शब्द वस्तूबद्दल मात्र छान काम देतो : ‘द कास्टिंग इटसेल्फ इज साउंड, द पॅकिंग वॉज डॅमेज्ड.’ कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, काही झालेले नाही, बिघडले ते पॅकिंग. असे वाक्य तुमच्या कामात वरचेवर लागत असेल.

मग ‘च’चे काम इंग्रजीत करायचे कसे? मार्ग अनेक आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच मार्गांत क्रियाविशेषण लागतच नाही. ‘ओन्ली’ वापरायचाच असेल, तर तो ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याच्या लगेच आधी ठेवावा. ‘ओन्ली द इन्स्पेक्टर चेक्ड टेन पीसेस’ म्हणजे दहा नग तपासणारा निरीक्षक एकटाच. ‘द इन्स्पेक्टर चेक्ड ओन्ली टेन पीसेस’ म्हणजे तपासले गेले ते दहाच. आता बोलण्यात इंग्रज माणूससुद्धा ‘ही ओन्ली चेक्ड टेन’ असेच म्हणतो आणि त्यात काही गैर नाही. हेन्री फाउलर या कोशकाराने 1926 सालच्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात ‘ओन्ली’च्या या स्वाभाविक जागेची बाजू घेतली होती आणि ती जागा चुकीची ठरवणाऱ्या कर्मठांची खिल्लीही उडवली होती. तेव्हा मित्राला लिहिलेल्या पत्रात ही चूक शोधत बसू नये. पण गुणवत्ता अहवालात, दरपत्रकात किंवा कराराच्या अटीत वाचणाऱ्याला तुमचा आवाज ऐकू येत नसतो, म्हणून तिथे जागेबाबत कर्मठ राहिलेलेच बरे. ‘ईव्हन’लाही हेच लागू आहे.

‘आम्ही प्रमाणपत्र पाठवले होतेच’ असे सांगायचे असेल, तर ‘च’ क्रियापदावर आहे, आणि क्रियापदावर जोर देण्यासाठी इंग्रजीकडे ‘डू’ हे साहाय्यक क्रियापद आहे : ‘वुई डिड सेंड द टेस्ट सर्टिफिकेट ऑन मंडे.’ हे वाक्य ठाम आहे आणि तरी भांडखोर नाही. तुम्ही ‘ॲक्च्युअली वुई हॅव सेंट’ असे लिहिले होते. त्यात ‘तुमच्या लक्षात आलेले दिसत नाही’ असा सूर उमटतो, जो तुमच्या मनात नव्हता. ‘चूक दुसऱ्या क्रमांकाच्याच ड्रॉइंगमध्ये होती’ असे म्हणायचे झाले, तर ‘इट वॉज द सेकंड ड्रॉइंग दॅट हॅड द एरर’ अशी रचना करावी. त्यात जोर नेमका ‘सेकंड’ या शब्दावर बसतो. आणि सर्वांत सोपा, पण आपल्याकडे सर्वांत कमी वापरला जाणारा मार्ग म्हणजे वाक्याचा शेवट. मराठीत जोराचा शब्द आपण बहुधा क्रियापदाच्या अलीकडे आणतो. इंग्रजीत वाचकाचे लक्ष वाक्याच्या टोकाला जाते. ‘बाय फ्रायडे यू विल हॅव ऑल फॉर्टी पीसेस’ या वाक्यात 40 नग ठसतात, तर ‘यू विल हॅव ऑल फॉर्टी पीसेस बाय फ्रायडे’ या वाक्यात शुक्रवार. ग्राहकाला तारखेची काळजी असेल, तर दुसरे वाक्य पाठवावे. एकही जादा शब्द न घालता जोर मिळतो.

अहवालांसाठी आणखी एक बारीक बाब सांगून ठेवतो. ‘ओन्ली’ने सुरू होणारा काळाचा किंवा अटीचा भाग वाक्याच्या आरंभी आला, की पुढे प्रश्नासारखा क्रम येतो : ‘ओन्ली आफ्टर हीट ट्रीटमेंट डिड वुई नोटिस द क्रॅक.’ इथे ‘वुई नोटिस्ड’ चालत नाही. पण ‘ओन्ली’ कर्त्याला लागला असेल, तर क्रम बदलत नाही : ‘ओन्ली द सुपरवायझर नोटिस्ड द क्रॅक.’ हा साचा औपचारिक आहे. आठवड्याच्या मेलमध्ये त्याची गरज पडू नये.

मात्रा वाढवणाऱ्या शब्दांत तुमच्या व्यवस्थापकांचे म्हणणे बरेचसे खरे आहे, हे मान्य करायला हवे. ज्या वहीत प्रत्येक ओळ अधोरेखित केलेली असते, तिच्यात महत्त्वाची ओळ सापडत नाही, तसे तुमच्या पाठवलेल्या मेलमध्ये झाले आहे. एका परिच्छेदात ‘व्हेरी’ इतक्या वेळा आला आहे, की माल तातडीचा आहे हे खरोखर सांगायची वेळ आली तेव्हा तुमच्याकडे शब्द शिल्लक उरला नाही. शिवाय काही विशेषणांना कमीअधिक होताच येत नाही. दोन नग ‘आयडेंटिकल’ असतात किंवा नसतात, म्हणून ‘व्हेरी आयडेंटिकल’ म्हणता येत नाही. फार तर ‘ऑलमोस्ट आयडेंटिकल’ किंवा ‘कम्प्लिटली आयडेंटिकल’. ‘युनिक’, ‘परफेक्ट’, ‘इम्पॉसिबल’ आणि ‘इसेन्शियल’ यांच्याबाबत औपचारिक लेखनात हेच पथ्य पाळले जाते. ‘व्हेरी मच इम्पॉर्टंट’ हाही आपला घरचा प्रयोग आहे : विशेषणाला ‘व्हेरी’ पुरतो, ‘व्हेरी मच’ क्रियापदासाठी ठेवावा, जसे ‘वुई व्हेरी मच अप्रिशिएट युवर पेशन्स’.

‘टू’ या शब्दाकडे मात्र विशेष लक्ष द्या, कारण तुमच्या एका वाक्यात तो महागात पडू शकला असता. ‘द सरफेस फिनिश इज टू गुड’ असे तुम्ही लिहिलेत. आपल्याकडे ‘टू गुड’ म्हणजे ‘फारच छान’. प्रमाण इंग्रजीत ‘टू’ म्हणजे हवे त्यापेक्षा जास्त. अभियांत्रिकीच्या व्यवहारात ‘टू थिक’ आणि ‘टू हार्ड’ हे नग नाकारण्याचे शेरे असतात. तुमच्या वाक्याचा अर्थ एखादा काटेकोर ग्राहक असा लावील, की फिनिश गरजेपेक्षा भारी झाले आहे आणि त्याचे पैसे आपल्याकडून घेतले जात आहेत. तिथे ‘एक्सलंट’ हा एकच शब्द पुरला असता.

तुमच्या ग्राहकाने पाठवलेले ‘द सॅम्पल्स आर क्वाइट गुड’ हे उत्तर वाचून कार्यालयात पेढे वाटले गेले, असे तुम्ही लिहिता. पेढ्यांविषयी माझी काही तक्रार नाही. पण इंग्लंडमधल्या वापरात ‘क्वाइट गुड’ म्हणजे बहुधा ‘बरे आहेत, ठीक आहेत’ एवढेच असते, आणि कधी कधी पुढे येणाऱ्या ‘पण’ची ती नांदी असते. अमेरिकेत तोच ‘क्वाइट’ अनेकदा ‘चांगलाच’ या अर्थाकडे झुकतो. आणि ज्या विशेषणांना मात्रा नसते, त्यांच्याबरोबर तो दोन्हीकडे ‘पूर्णपणे’ असा अर्थ देतो : ‘क्वाइट इम्पॉसिबल’, ‘क्वाइट राइट’. इतका सरड्यासारखा शब्द आपण स्वतः व्यवहाराच्या पत्रात वापरू नये, असे माझे मत आहे. त्या ग्राहकाला मात्र मुख्य ऑर्डर सुरू करण्याआधी नमुन्यात काही बदल हवा आहे का, हे सरळ विचारून घ्यावे.

आता ज्या भीतीमुळे हे सगळे शब्द तुमच्या मेलमध्ये येतात, तिच्याबद्दल. ‘शब्द काढले की पत्र उद्धट वाटते’ हे तुमचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. आपल्याकडे आग्रह हा सौजन्याचा भाग असतो. ‘या’ म्हटल्यापेक्षा ‘नक्की या हं, वाट पाहतो’ म्हटले, की आमंत्रण खरे वाटते. ती सवय इंग्रजीत नेताना आपण धरून चालतो, की तिथेही जिव्हाळा क्रियाविशेषणांतूनच व्यक्त होतो. तुमचे वाक्य होते, ‘वुई आर एक्स्ट्रीमली व्हेरी सॉरी फॉर द डिले अँड वुई विल डेफिनेटली अँड शुअरली डिस्पॅच सून.’ त्यात चार जोरकस शब्द आहेत, पण उशीर का झाला, त्याने ग्राहकाचे काय अडले आणि माल कधी निघेल, यांतले काहीच नाही. वाचणाऱ्याला नेमके तेच हवे असते. ‘वुई आर सॉरी फॉर द डिले, अँड वुई नो इट इज होल्डिंग अप युवर असेंब्ली. द पीसेस विल लीव्ह अवर वर्क्स बाय फ्रायडे नून’ असे लिहिले, तर ते कोरडे वाटते का, तुम्हीच पाहा. ग्राहकाची अडचण तुम्ही जाणता, हे त्याला नावानिशी दिसले, की ‘एक्स्ट्रीमली’ने साधले नसते ते सौजन्य आपोआप साधते.

‘शुअरली’ हा शब्द तर पूर्णपणे टाळावा असे मी सुचवीन. आपण तो ‘नक्की’ म्हणून लिहितो, पण ब्रिटिश वाचकाला ‘शुअरली यू हॅव रिसीव्ह्ड द इन्व्हॉइस’ हे वाक्य ‘अहो, एव्हाना तुम्हाला बीजक मिळाले असेलच ना!’ असे अविश्वासाने ऐकू येते. खात्री द्यायची असेल तिथे ‘सर्टनली’ किंवा ‘डेफिनेटली’ योग्य आहे, तेही पत्रात एखाद्या वेळी. (‘डेफिनेटली’च्या स्पेलिंगमध्ये ‘फायनाइट’ हा शब्द अखंड बसलेला असतो, तो आठवला, की ‘टी’च्या आधी चुकून ‘ए’ पडत नाही.)

जिथे जोराचा शब्द खरोखरच हवा असतो, तिथे इंग्रजीत प्रत्येक क्रियापदाची जोडी बरीचशी ठरलेली असते आणि तर्काने ती काढता येत नाही. खेद ‘डीपली रिग्रेट’, क्षमायाचना ‘सिन्सिअरली अपॉलोजाइज’, सल्ला ‘स्ट्राँगली अडव्हाइज’, शिफारस ‘हायली रेकमेंड’, सहमती ‘फुली अग्री’, नुकसान ‘बॅडली डॅमेज्ड’, गरज ‘अर्जंटली नीड’. ‘हायली रिग्रेट’ मध्ये व्याकरणाची चूक दाखवता येणार नाही, तरी तो कानाला खटकतो. क्रियापद लक्षात ठेवताना त्याची जोडीही लक्षात ठेवावी, हाच त्यावर उपाय.

विद्यार्थी आणि संशोधकही याच विषयावर मला पत्रे लिहीत असतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. परदेशी विद्यापीठासाठीच्या अर्जात ‘आय ॲम व्हेरी पॅशनेट’ आणि ‘रिअली इंटरेस्टेड’ यांच्या जागी केलेल्या कामाचे एक वाक्य लिहावे. शोधनिबंधात ‘सिग्निफिकंटली’ हा शब्द सांख्यिकी चाचणी केली असेल तरच वापरावा, कारण परीक्षक तो त्याच अर्थाने वाचतो. ‘क्लिअरली’ आणि ‘ऑब्व्हिअसली’ लिहिलेल्या जागी चोखंदळ वाचक मुद्दाम थांबतो आणि पुरावा शोधतो. ‘लिटरली’चा अलंकारिक वापर इंग्रजीत शतकांपासून आहे आणि शब्दकोशांनीही त्याची नोंद घेतली आहे, पण ‘द पॅटर्न वॉज लिटरली ब्रोकन’ असे कळवले, तर साचा तुटला की नाही, हे वाचणाऱ्याला निःसंशय कळले पाहिजे.

तुमच्या इंग्रजीला ‘मराठी वळणाचे’ म्हणून तुम्ही स्वतःच कमी लेखता, ते मला पटत नाही. वाक्याच्या शेवटी येणारा ‘ओन्ली’ एकट्या मराठी माणसाचा नाही. हिंदीतला ‘ही’ आणि दक्षिणेकडच्या भाषांतली तशीच अव्यये यांच्यामुळे तो देशभर रुळला आहे आणि भाषाशास्त्रज्ञ त्याला भारतीय इंग्रजीचे एक वैशिष्ट्य म्हणून नोंदवतात. चेन्नईच्या वाहतूकदाराला ‘ट्रक इज हिअर ओन्ली’ लिहिलेत, तर त्याला तुमच्या मनातलेच कळेल. तिथे ते सुधारायची गरज नाही. प्रश्न फक्त वाचणारा कोण आहे, याचा आहे. आणि वयाचे म्हणाल, तर मराठीतला ‘च’ आपण चुकीच्या शब्दाला कधी लावत नाही. म्हणजे जोर कुठे हवा, हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे. मेल लिहिण्याआधी अडणारे वाक्य मराठीत म्हणून पाहा, ‘च’ कुठे पडतो ते बघा आणि मग त्या शब्दासाठी वरच्यापैकी एक मार्ग निवडा. हे काम दुसऱ्या कोणाकडून करून घेता येत नाही, कारण तुमचा जोर कशावर आहे, हे मसुदा तपासणाऱ्याला किंवा शब्दांखाली रेघा ओढणाऱ्या संगणकाच्या प्रणालीला माहीत नसते.

व्यवस्थापकांशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्यापुढे एक मसुदा दोन रूपांत ठेवा : एक त्यांच्या दंडकाप्रमाणे सगळी क्रियाविशेषणे काढलेला आणि दुसरा मात्रेचे शब्द काढून ‘ओन्ली’, ‘नॉट येट’, ‘अप्रॉक्सिमेटली’, ‘पार्शली’ असे आशयाचे शब्द ठेवलेला. ‘पार्शली मशीन्ड’, म्हणजे यंत्रकाम अर्धवट झालेले, नग ‘मशीन्ड’ म्हणून गेले तर काय होईल, हे फाउंड्रीतल्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. त्यानंतर सवडीने स्वतःचे जुने पाठवलेले मेल उघडा. ‘व्हेरी’ शोधलात तर ढिगाने सापडतील, पण त्यांच्या मागे लगेच लागू नका. त्यांनी ग्राहक फार तर कंटाळला असेल. आधी ‘ओन्ली’ आणि ‘टू’ शोधा, आणि त्यांतल्या एखाद्याने संख्येचा, तारखेचा किंवा दर्जाचा अर्थ बदललेला आढळला व ती ऑर्डर अजून चालू असेल, तर ग्राहकाला दोन ओळींत दुरुस्ती कळवून टाका.